एकोणपन्नास आणि लोशन

स्प्रे की लोशन, यावरून ड्रिंक्स ब्रेक दहा मिनिटं लांबला.

टक्कल अंपायरांचं होतं. त्यावरचा एक डाग बघून डॉक्टरांनी दम भरला होता, उन्हात उभं राहायचं तर डोक्याला काहीतरी लावा. टोपी अंपायरांना चालायची नाही. टोपी घातली की कानावर येते आणि बॅटची कड ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"स्प्रे घ्या," बायको म्हणाली. ती मैदानाकडेच्या टेबलावर स्कोअर लिहायला बसायची. "फुस्स केलं की झालं. हात नको, बोट नको."

"ताई, स्प्रे अर्धा वाऱ्यावर जातो," तिचा भाऊ म्हणाला. भावाचं औषधाचं दुकान होतं आणि लोशनचा अख्खा खोका त्याच्या गळ्यात पडला होता. "भावजी, तुम्ही लोशनच घ्या. बोटावर घ्यायचं, टकलावर फिरवायचं. माणूस कसा दमदार वाटतो."

"टकलावर बोट फिरवून कोण दमदार वाटतं रे?"

भाऊ हसला. आज तो खुशीत होता. पॅड बांधून उभा होता आणि एकोणपन्नासवर नाबाद होता. वय सेहेचाळीस, जन्मात एक फिफ्टी नाही. मागच्या मोसमात अठ्ठेचाळीसवर असताना याच भावजींनी त्याला पायचीत दिला होता. त्यानंतर अंपायरांना घरी तीन आठवडे गार चहा मिळाला. तोही कप आपटून.

"अहो," बायकोनं पेन्सिलला टोक काढत हळूच सांगितलं, "आज जरा बेतानं. एकच रन हवाय त्याला."

अंपायरांनी स्प्रेकडे पाहिलं, लोशनकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे पाहिलं.

"दे तुझं लोशन. लावतो निवांत." ट्यूब पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकून ते मैदानात गेले.

तिसऱ्या बॉलला मेहुण्यानं बॅट फिरवली. बॉल कीपरच्या हातात गेला. अकराच्या अकरा जण बोंबलले. टेबलापाशी बायको उठून उभी राहिली. अंपायरांनी खिशात हात घातला, ट्यूब डाव्या हातात घेतली, आणि उजव्या हाताचं बोट वर गेलं.

मेहुणा धावत आला. "भावजी! अहो, कुठे कड लागली?"

अंपायरांनी स्वतःच्या बोटाकडे असं पाहिलं, जणू ते शेजाऱ्याचं आहे. मग ते बोट टकलावर नेऊन गोल गोल फिरवलं.

"अरे देवा. मी तर लोशन लावत होतो."

"म्हणजे आऊट नाही ना?"

"बोट वर गेलं ते गेलं. बावीस वर्षांत एकदाही खाली घेतलं नाही. आता काय लोशनसाठी घेऊ?"

हसून हसून बॉलर खाली बसला. कीपरनं ग्लोव्ह्ज तोंडावर धरले. मेहुणा बॅट ओढत टेबलापाशी आला आणि अन्याय, अन्याय म्हणत बहिणीसमोर उभा राहिला. त्याला वाटलं, आता ताई नवऱ्याला सोलून काढणार.

"गप बस," ताई म्हणाली. "स्प्रे घ्या म्हणून कोण ओरडत होतं? लोशन कुणी गळ्यात मारलं? स्वतःच्या हातानं विकेट घालवलीस आणि वर त्यांना नावं ठेवतोस."

संध्याकाळी मेहुणा बहिणीकडे गेला. भावजी खुर्चीत रेलून बसले होते. समोर गरम चहा, शेजारी दुसरा कप तयार. टक्कल उन्हानं लालबुंद झालं होतं आणि बायको त्यावर ओला रुमाल ठेवत होती.

"बघ तुझ्या लोशनचा प्रताप," ती भावाला म्हणाली. "विकेट खाल्ली ती खाल्ली, डोकंही भाजलं. घेऊन जा ती ट्यूब. उद्यापासून स्प्रे."

"वाईट वाटतं रे," भावजी चहा फुंकत म्हणाले. "चुकून झालं."

मेहुणा ट्यूब घेऊन दुकानात आला. परत विकता येईल का बघावं म्हणून त्यानं झाकण फिरवलं. तोंडावरचं चंदेरी सील जसंच्या तसं होतं. त्याला नखसुद्धा लागलं नव्हतं.

भावजींची चोरी पकडली होती. आत्ताच्या आत्ता ताईला फोन लावावा आणि त्यांचा चहा गार करून टाकावा, म्हणून त्यानं मोबाईल उचललासुद्धा.

मग त्यानं तो खाली ठेवला. ताईनं पहिलं विचारलं असतं, बॅटची कड लागली होती का. आणि लागली होती.