सशाचं मांस

"आत्याबाई, माझ्याच्यानं खोटं बोलवत नाही. ससा आहे हा."

वाडग्याकडे गेलेला मिल्काचा हात मागे आला. तिचे डोळे कधीचेच गेले होते. सून पुढ्यात ठेवील आणि सांगेल, तेवढंच तिला कळायचं.

"कुणी आणला?"

"गेरानं. डोंगरापलीकडे फासे लावतो." गेरा म्हणजे सुनेचा, अबीटालचा, भाऊ. मांस तो सोलूनच आणायचा.

"ससा रवंथ करतो, पण त्याचा खूर शेळीसारखा दुभंगलेला नाही," म्हातारी म्हणाली. "देवानं नको म्हटलंय ते नको. उचल."

"ठेवते इथंच. मन झालं तर…"

"वास चांगला येतोय, म्हणून तर सांगते. उचल."

यहूदाच्या डोंगरात लागोपाठ दुसरा दुष्काळ पडला होता. मिल्काचा एकुलता एक मुलगा शेमर धान्य आणायला मिसरला गेला होता. सातूचं पीठ संपलं होतं. घरात या दोघी आणि शेमरची तान्ही मुलगी.

"तू खा," मिल्का म्हणाली. "अंगावर पाजतेस. तू उपाशी राहिलीस तर पोर जाईल. पाप माझ्या डोक्यावर."

अबीटाल हुंदके देत जेवली. तिला ओशाळं वाटू नये म्हणून म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली आणि कापणीचं जुनं गाणं गुणगुणत राहिली.

गेरा येत राहिला. दर वेळी अबीटाल सासूपुढे वाडगा ठेवी आणि दर वेळी तेच सांगे. म्हातारी रानातली मुळं चघळत बसायची. "दात म्हणतायत, काम नाही तर आम्ही निघालो," असं म्हणून हसायची. मग हसायचंही तिला झेपेनासं झालं.

शेजारच्या पेनिनाला राहवेना. "अगं, शुद्ध मांस आहे म्हणून भरवायचंस. आंधळीला काय कळणार?"

"त्यांना नाही कळणार," अबीटाल म्हणाली. "देवाला कळेल ना."

मिल्का गेली तेव्हा सुनेचा हात तिच्या हातात होता. "तू मला फसवलं नाहीस," एवढंच ती बोलली. दफनाच्या गुहेच्या तोंडावर धोंडा लोटताना गावचे वडीलधारे म्हणाले, अशी सासू नाही आणि अशी सून नाही.

काही दिवसांनी शेमर गाढवांवर धान्य लादून आला. वेशीवरच त्याला सगळं कळलं. अंगरखा फाडून तो तिथंच रडला. घरी आला तेव्हा त्यानं मुलीलाही जवळ घेतलं नाही.

"आई उपाशी मेली आणि तू मडकं भरून ससा खात होतीस."

"त्यांनीच खा म्हटलं."

"ती म्हणणारच. तिचं मन मोठं. पण विटाळलेली बाई माझ्या घरात नको. आत्ताच्या आत्ता भावाकडे चालती हो. पोर इथं राहील. माझी बहीण सांभाळील तिला."

चुलीवरचं विटाळलेलं मडकं फोडायला उचलून तो अंगणात निघाला. अबीटाल दारात आडवी आली. पोरीला तिनं छातीशी घट्ट धरलं होतं.

"फोडू नका," ती म्हणाली. "मी विटाळलेली नाही. त्यात ससा कधी शिजलाच नाही. गेरा करडंच आणत होता."