खिडकीची उंची

"दुपारपर्यंत सगळे पेशंट नव्या इमारतीत," असं सिस्टर सांगून गेली आणि गवंड्याच्या बायकोचा चेहरा उजळला. या जुन्या वॉर्डाला ती विटली होती. उंदीर पिशव्या कुरतडायचे, छताचे पोपडे पडायचे, नवऱ्याच्या दुधात पडू नयेत म्हणून ती पेल्यावर हात धरून बसायची.

"सुटलो बाई एकदाचे," ती शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या सुनेला म्हणाली. "नवी इमारत यांनीच तर बांधलीय. हेड गवंडी होते तिथे."

परांचीवरून पडल्यापासून गवंड्याचं कमरेखालचं अंग गेलं होतं. मणक्यामुळे उठवून बसवायचीसुद्धा बंदी होती. वरचं जे उरलंय त्याचाही भरवसा नाही, हे डॉक्टरांनी बायकोला बाहेर नेऊन सांगितलं होतं. बाहेर कशाला न्यायचं? तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं.

तो मान वळवून खिडकीतून बघत होता. जुन्या वॉर्डाच्या खिडक्या चमत्कारिकच होत्या. इतक्या खाली की उभ्या माणसाला कमरेत वाकावं लागे. नवी आलेली प्रत्येक नर्स आधी त्यांना नावं ठेवी. पण खाटेवर पडलेल्याला अख्खा रस्ता दिसे. रस्त्यापलीकडे कुणाचं तरी घर चढत होतं, आणि तिथला गवंडी सकाळपासून याच्या शिव्या खात होता. त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता.

"अरे गाढवा, ओळंबा सोड आधी! भिंतीला पोट आलंय, दिसत नाही?"

एवढं ओरडून तो धापा टाकी. बायको पाणी पाजी. पण तेवढा वेळ तो आजारी नसे, हे तिच्याही लक्षात आलं होतं.

"अगं, ही खिडकी ज्याने बसवली ना," तो म्हणाला, "तो आधी इथे आडवा पडला असणार."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मला इथेच राहू दे. सिस्टरला सांग."

"वेड लागलंय का? ही इमारत पाडणारेत. तुमच्यासाठी एक भिंत मागे ठेवणार आहेत का?"

"तुला हात जोडतो."

ती चरकली. जन्मात या माणसाने कुणापुढे हात जोडले नव्हते. ती उठून सिस्टरकडे गेली, विनवून आली. "मावशी, माझ्या हातात काय आहे?" सिस्टर म्हणाली. तीही खरंच बोलत होती.

स्ट्रेचर निघालं. बायको बाजूने चालत होती आणि घाबरली की ती फार बोलायची. "सिस्टर, तुम्हाला गंमत सांगते. नकाशात नव्या खिडक्यासुद्धा अशाच खाली होत्या बरं का! यांनी इंजिनियरला गप्प केलं. म्हणाले, साहेब, आजारी माणूस झोपायला येतो की रस्ता बघायला? वर घ्या. वर घेतल्या की थर पुरे येतात, वीट तोडावी लागत नाही. अहो, सगळी साइट हसली होती!"

हा किस्सा तिला पाठ होता. घरी कुणीही आलं की गवंडी तो रंगवून सांगायचा, इंजिनियरचं पडलेलं तोंडही करून दाखवायचा. आज त्याने डोळे मिटून घेतले.

"पुरे," तो म्हणाला.

नवा वॉर्ड स्वच्छ होता, हवेशीर होता. फरशीत तोंड दिसेल असा. बायकोने पिशव्या खाटेखाली सरकवल्या, चादरीच्या सुरकुत्या काढल्या. "बघा, इथेही खिडकीजवळचीच खाट मिळाली. नशीब लागतं त्याला."

खिडकी खाटेच्या कितीतरी वर होती. उजेड तिथून यायचा आणि समोरच्या भिंतीवर पडायचा. मान वळवलेल्या गवंड्याच्या तोंडासमोर खिडकीखालचा गिलावा होता, पांढरा, त्याच्या स्वतःच्या हातचा. कुठे थापीचा ओरखडा नव्हता. तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला.

"अगं, तिथून तो दिसतो का?"

"कोण?"

"तो गाढव."

ती खिडकीशी उभी राहिली. वाकावं लागलं नाही, टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत, अगदी तिच्या मापाची खिडकी होती. "दिसतो की! इथून तर आणखी जवळ. समोरच आहे."

त्याने मान उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात उतरलं, ते तिने पदराने टिपलं.

"भिंत कशी आहे त्याची?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"सांग ना."

तिने पुन्हा बाहेर बघितलं. "सरळ आहे हो. चांगली सरळ."

गवंड्याने तोंडासमोरच्या भिंतीवर तळवा ठेवला आणि हात पुरेल तिथपर्यंत फिरवत नेला.

"ही पण सरळच आहे गं," तो म्हणाला.