केशरबाईंची वाट

शिरूर कासारजवळच्या त्या वस्तीवर पाण्याचा टँकर कुठं थांबणार, हे दूध सोसायटीच्या चेअरमनला आधीच ठाऊक असायचं. म्हणून चेअरमनच्या बायकोवर, केशरबाईंवर, साऱ्या बायांचा डोळा होता.

त्या उन्हाळ्यात केशरबाई रोज दिवस कलला की घराबाहेर पडू लागल्या. हात मोकळे, पावलं घाईची. बाभळींच्या सावल्यांतून, कोरड्या ओढ्यातून त्या लांब जायच्या आणि तशाच रिकाम्या परतायच्या.

"पाण्याची जागा बघून येत्यात," बायांतली छबुबाई म्हणाली. "अन् आपल्याला सांगत न्हाईत."

मग केशरबाईंच्या मागं घागरी घेतलेल्या बायांची रांग लागली. त्या थांबल्या की रांग थांबे, त्या चालल्या की रांग चाले.

एका संध्याकाळी केशरबाई कळवळून मागं वळल्या. "अगं बायांनो, काहून माझ्या मागं फिरता? डॉक्टरनं वजन उतरवायला सांगितलंय. सांजच्याला लई भूक लागती, घरात बसलं की हात डब्यात जातो. म्हणून भूक मरंस्तोवर चालते."

बायांनी घागरी खाली ठेवल्या. वाटेवरची धूळसुद्धा खाली बसली. सुटले एकदाची, असं म्हणून केशरबाई हलक्या पावलांनी पुढं निघाल्या.

त्या जरा लांब गेल्यावर छबुबाई हळूच म्हणाली,

"भुकंपायी आपण चालतो, ते ऊसतोडीला. हिच्या घरात तर जवारीच्या कणग्या भरल्यात. पाणीच हाय कुठंतरी. उद्या लेकीसुनांनाबी आणा."