गार हात

माझी बायको मंदाकिनी गेली आणि घर मुकं झालं. तेव्हा माझ्या मुलाने, गुरुदत्तने, वर्तकनगरच्या घरी सयामी मांजर आणून सोडलं.

"बाबा, ही जात फार बडबडी. तुम्हाला सोबत होईल."

खरंच झाली. निळे डोळे, सायीच्या रंगाचं अंग, कान-तोंड-शेपटी काळपट. मी भाजी चिरत असलो तरी शेजारी तिची बडबड चालूच. फक्त दुपारी ती मंदाकिनीच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसायची आणि डोळे मिटून, पाठ उंचावून घुरघुरत राहायची.

मे महिन्यात तिच्या पाठीवर काळपट डाग उमटला. मी तिला डॉक्टरकडे नेलं.

"घाबरू नका. सयामीचं अंग जिथे गार पडतं, तिथलेच केस काळे होतात. पाठीवर बर्फ वगैरे ठेवता का?"

घरी येऊन मी डाग नीट पाहिला. पाच बोटं होती. करंगळी अर्धीच.

मंदाकिनीची करंगळी लहानपणी विळीवर कापली होती. भांडी घासून झाली की तो गार हात ती मुद्दाम माझ्या मानेवर ठेवायची आणि मी ओरडायचो.

मला भीती नाही वाटली. मी मांजरीला हात जोडले. तेव्हापासून दुपारी मीही त्या खुर्चीपाशी, तिच्याकडे पाठ करून, जमिनीवर बसू लागलो.

काल न्हाव्याची कात्री माझ्या मानेपाशी थांबली.

"काका, सगळे केस पांढरे, मग इथेच काळे कसे? पंजा उमटल्यासारखे?"

"तेवढे राहू दे," मी म्हणालो.