रिकामी वाटी

कोपरच्या चाळीत मालूचं तेरावं उरकलं आणि तिचा नवरा दत्ताराम जन्मात प्रथमच भांड्यांच्या मांडणीसमोर उभा राहिला. सत्तावीस वाट्या, आणि प्रत्येकीवर नाव कोरलेलं कुणा ना कुणा शेजाऱ्याचं! घरची एकही नाही. वैतागून तो पहिली वाटी घेऊन शेजारच्या रखमाबाईंकडे गेला.

"भाऊजी, रिकामी वाटी परत देतात होय?"

झालं! बापड्याने स्टोव्ह पेटवला, करपलेला शिरा भरून वाटी पोचवली आणि सुटलो एकदाचा म्हणून हात झाडले. संध्याकाळी रखमाबाई तीच वाटी घेऊन दारात; आत कोळंबीचं कालवण.

"अहो, हे संपणार तरी कधी?" दत्ताराम ओरडला.

"बजावून गेलीय मालू," रखमाबाई म्हणाल्या, "संपू द्यायचं नाही म्हणून."