पायरीला लागलेलं पाणी

खाडीच्या टोकाला, जिथे माणसाची वस्ती नाही, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वनखात्याची एक लाकडी झोपडी होती. कोकणात नोकरी लागलेल्या प्रेमानंदनं हिंगोलीहून आलेल्या आईला एका रात्रीच्या मुक्कामाला तिथे आणलं. चांगुणानं समुद्र कधी पाहिला नव्हता.

मध्यरात्री पाणी पायरीला लागलं, तशी ती घाईनं उठली. तिनं भांडीकुंडी धडुत्यात बांधली आणि उलथणं घेऊन दाराच्या बिजागऱ्या उचकटायला लागली.

"आई, काय करून राहिलीस?"

"दार काढ लेकरा. दार, चौकट, पत्रे, हाती लागंल ते घे. पाणी आलं की काईच राहात न्हाई."

"अगं, ही भरती हाय. पाणी आपसूक माघारी जातं."

तिचा विश्वास बसला नाही. गाठोडं उराशी धरून ती उरलेली रात्र दारातच बसली.

उजाडलं तेव्हा पाणी पार लांब गेलं होतं. चांगुणा खाली उतरली आणि ओल्या चिखलात बराच वेळ उभी राहिली.

"प्रेमा, मग आपल्या गावावर आलेलं धरणाचं पाणी काहून गेलं न्हाई रे माघारी?"