शेवटचा एक काप

“आता अजून कापू नका तिले,” चंद्रभान म्हणाले आणि अर्ज टेबलावर ठेवला.

मुग्धाचा हात मशीनवरच थांबला. पात्याखाली मेणाचा चौकोन होता, आणि मेणात रंभाबाईंच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा. रंभाबाई जाऊन चार वर्षं झाली होती. तुकडा मात्र नागपूरच्या या दवाखान्याच्या लॅबमध्येच राहिला होता. तो नवऱ्याला परत द्यावा, असं अर्जावर मोठ्या साहेबांनी सहीनिशी लिहिलं होतं. म्हणजे बोलायला जागाच नव्हती.

“खाप्याले घाटावर भटजी बसून आहेत,” चंद्रभान सांगू लागले. “माही मोठी बहीण, तुळसाबाई, तीही तिथंच आहे. ती म्हणते, रंभाचं सगळं कन्हान नदीत गेलं, एवढंच राहिलं. अर्धा जीव इथं अडकला, म्हणून पोरीले ओढून राहिली.”

पोरगी म्हणजे रीना. एकतीस वर्षांची. आईचाच आजार, आणि तीही याच दवाखान्यात, वरच्या वॉर्डात.

शिकल्यासवरल्या माणसाला अशा बोलण्याचं हसू येतं. मुग्धाला आलं नाही. दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू तिच्या मशीनवरही अजून होतं. शिवाय आज तपासायच्या अकरा पेशंटच्या काचांची यादी तिच्यासमोर पडली होती, आणि नववं नाव रीनाचं होतं.

गुपचूप एक काप काढून घेतला असता तर म्हाताऱ्याला कळलंही नसतं. पण ‘कापू नका’ असं कुणी तोंडावर सांगितल्यावर पातं फिरवायला हात धजत नाही.

“काका, बसा,” ती म्हणाली. “रीनाला नवं औषध द्यायचं चाललंय, ठाऊक आहे ना?”

“डॉक्टर म्हणे, पहिले गाठीची तपासणी होते.”

“ती मीच करते. काही गाठींमध्ये एक एन्झाइम असतं. ते अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ बनवतं. अंगातल्या लढणाऱ्या पेशी गाठीवर धावून आल्या, की तो पदार्थ त्यांना म्हणतो, गप बसा. मग गाठीचं फावतं. नवं औषध त्या एन्झाइमलाच अडवतं. पण गाठीत ते असेल, तरच औषध द्यायचं.”

“मोठं बदमाश आहे मग.”

“नाही हो. तुमची बोटं सुजलीत ना? तिथं ते थोडं जास्त असतं, तर बरंच झालं असतं. ते कमी पडलं की अंगच अंगाशी भांडत बसतं.”

चंद्रभाननी आपली वाकडी बोटं उलटसुलट करून पाहिली. “गप बसा तर रंभाही म्हणे सगळ्यायले,” ते म्हणाले. मग एकदम मान वर केली. “पण तपासणी पोरीची आहे. रंभा काहून पाहिजे?”

आता मुग्धाला सांगावंच लागलं. रंगाची बाटली कधी खराब निघते, कधी माणसाचा हात चुकतो. म्हणून प्रत्येक पेशंटच्या काचेवर, त्याच्या कापाच्या वरच्या बाजूला, ती रंभाबाईंचा एक काप ठेवते. त्यांच्या गाठीत ते एन्झाइम भरपूर आहे, हे पक्कं ठाऊक आहे. त्यांचा काप तपकिरी झाला, तरच खालच्याचं उत्तर खरं मानायचं. त्यांचा कोरा राहिला, तर काच फेकून द्यायची.

“फॉर्मवर त्यांची सही होती,” मुग्धा खाली बघत म्हणाली. “पण तुम्हाला आम्ही कधी सांगितलं नाही. चुकलंच आमचं.”

“किती लोकांच्या काचांवर ठेवलं तिले?”

“पाचशेच्या वर.”

म्हातारा ओरडेल, असं तिला वाटलं. तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. “अंगणवाडीत कामाले होती ती. जेवायले बोलावलं, तर पोराच्या हाती निरोप धाडे, मी ड्युटीवर आहे, येत नाही. मले लय राग येत जाये.”

मुग्धाने खुर्ची पुढे ओढली. दवाखान्यात इतरांसमोर जी गावाकडची भाषा ती कधी बोलत नसे, तीच तोंडातून निघाली. “काका, दुसऱ्या कोणाचा तुकडा पारखून घ्याले महिना लागते. औषधाची यादी उद्या बंद होऊन राहिली. मले एकच काप द्या. रीनासाठी. बाकीच्यायचं मी पाहून घेईन.”

“दुखते का तिले?”

“नाही.”

चंद्रभाननी मेणाच्या चौकोनावरून एकदा बोट फिरवलं. “काप,” ते म्हणाले.

काच रंगासाठी तयार होईपर्यंत दुपार झाली. चंद्रभान बाहेरच्या बाकावर बसून होते. घाटावरून तुळसाबाईंचे तीन फोन आले, त्यांनी एकही उचलला नाही. रंगाचा शेवटचा थेंब टाकायच्या वेळी मुग्धाने त्यांना आत घेतलं. काचेवर दोन फिके ठिपके होते, वर आईचा, खाली लेकीचा.

दोन मिनिटांत वरच्या ठिपक्याने रंग धरला. चहासारखा, दाट.

खालचा तसाच होता. मुग्धाने घड्याळाकडे पाहिलं. चंद्रभाननी टेबलाची कड घट्ट धरली. मग खालच्या ठिपक्याची एक बाजू पिवळसर झाली, आणि हळूहळू सगळाच तपकिरी होत गेला.

“मिळंन औषध?”

“शेवटी डॉक्टर ठरवतील. पण उत्तर खरं आहे. वरचा रंग आलाय ना.”

तिने उरलेला मेणाचा चौकोन कागदाच्या पाकिटात घातला आणि शब्द दिल्याप्रमाणे त्यांच्यापुढे धरला. बाकीच्या दहा नावांची यादी तिने मुद्दाम पालथी घातली. चंद्रभाननी ती हळूच सुलटी केली, एकेक नाव वाचलं. पाकीट तिच्याच हातात राहिलं.

चौथ्यांदा फोन वाजला. या वेळी त्यांनी उचलला.

“बाई, भटजीले घरी जाऊ दे,” ते म्हणाले. “रंभा ड्युटीवर आहे, येत नाही.”